डिंग म्हणजे बैठक

पूनमसिंग नायकाच्या तांड्यात नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, कडुलिंबाखालच्या मोकळ्या जागेत भरायची. आता तिथं दुकानाचे गाळे काढायचं पोरांच्या डोक्यात बसलं होतं. जागा रोडला लागून, पुसदची गिऱ्हाइकं आयतीच.

"नायक, जमाना बदलला. झगडा झाला त लोक ठाण्यात जातेत. ह्या बैठकीले आता कोन इचारते?" त्या पोरांतला जीवन म्हणाला. चौघांनी माना डोलावल्या. पूनमसिंगाला ते झोंबलं. बापआज्यांनी राखलेली जागा आपल्या डोळ्यांदेखत चालली, आणि चार शब्द सुचतील तर शपथ!

तेवढ्यात मागच्या बायांच्या घोळक्यातून आवाज आला, "मले बोलायचं हाय."

पूनमसिंगाचीच पोरगी, प्रियंका. नर्सिंग झालेली, जर्मनीतल्या नोकरीसाठी पुसदला जर्मन शिकणारी. नसाबीत बाई बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. म्हातारे कुरकुरले, सगळे नायकाकडे बघू लागले.

"बोल," तो म्हणाला.

पोरगी धीटच. "जर्मनमंदी वस्तूले 'डिंग' म्हंतेत, इंग्रजीत 'थिंग'. पन हा शब्द मुळात वस्तूचा नव्हता. पुरान्या काळी तिकडचे लोक उघड्यावर जमत, न्यायनिवाडा करत, त्या बैठकीचं नाव 'थिंग'. मंग बैठकीत निघालेल्या मामल्याले थिंग म्हनू लागले, आन् शेवटी कोनत्याबी वस्तूले. नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंडच्या संसदेच्या नावात तो आजबी हाय. आपली 'गोष्ट' बी तशीच, गोष्ठीतून म्हंजे बैठकीतूनच आली. त्याईनं बैठकीचं नाव संसदेले देल्लं, आन् आपन बैठकीवर गाळे काढून राह्यलो!"

पूनमसिंगाला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. आपण राखतोय ती अडगळ नाही, हे पोटच्या पोरीनं सांगावं!

"तिथं बाया बोलत होत्या का व?" एका म्हाताऱ्यानं खोचकपणे विचारलं.

"नाही," प्रियंका म्हणाली. "पुढं त्याईनं ते सुधारलं. आता बाया देश चालवतेत."

जीवननं कान खाजवला. "राहू द्या नायक. गाळे दुसरीकडं पाहू."

पूनमसिंग उठला. मागं उभ्या असलेल्या आपल्या बायकोला, प्रियंकाच्या आईला, बिजलीबाईला त्यानं खणखणीत हाक मारली. "प्रियंकाच्या याडी, तिथं कायले उभी? साऱ्या बायाईले घेऊन म्होरं ये!"

बिजलीबाई जरा घुटमळली. मग पदर खोचून निघाली आणि तिच्यामागं झाडून साऱ्या. पुरुष सरकत सरकत रोडच्या कडेला गेले. इतके दिवस रिकामी म्हणून डोळ्यांत खुपणारी ती जागा त्या दिवशी तांड्याला पुरेना.