हाल्वरच्या रायफलीचा बोल्ट

मी बोल्ट बोलतोय, रायफलीचा बोल्ट. मला मागे ओढून पुढे ढकललं की गोळी नळीत बसते. मी नसेन तर रायफल म्हणजे नुसती काठी. ही बढाई नाही. याच गोष्टीपायी माझा घात झाला.

माझा जन्म लष्करी कारखान्यातला. रायफलीवर आणि माझ्यावर एकच आकडा ठोकलेला. लढाई संपल्यावर आम्ही अमेरिकेतल्या मोंटानात हाल्वरच्या हाती लागलो. शिकारीहून आला की तो दारातच मला काढून कोटाच्या खिशात टाकायचा आणि मगच रायफल घरात न्यायचा. बायकोचा तसा दंडकच होता. खिशात तंबाखू, पावाचा चुरा आणि मी. सुखाचे दिवस होते ते.

थोरली मारिट आणि धाकटा सोरेन, ही त्याची मुलं. दोघांचं मुळीच पटायचं नाही. शेवटच्या आजारात हाल्वरनं दोघांना खाटेशी बोलावलं. रायफल मारिटला दिली आणि मला सोरेनच्या हातात ठेवलं.

"आता भांडा किती भांडायचं ते," तो म्हणाला. "पण नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला दोघांना एकत्र यावंच लागेल."

"बाबा, तुमचं डोकं म्हणजे ना!" मारिट रडता रडता हसली.

सोरेननं मला मुठीत घट्ट धरलं. मी भोळा, त्या मुठीवर विश्वास ठेवला.

एकच हंगाम दोघं एकत्र आली. मग सोरेन मला बंदुकांच्या बाजारात घेऊन गेला. तिथं डेंटन नावाचा कारागीर जुने सुटे भाग जमवून हौशी लोकांना नव्या रायफली बांधून द्यायचा.

"बाकीची रायफल कुठाय?" त्यानं विचारलं.

"बहिणीकडे. ती येते आणि नुसती माझी उणीदुणी काढते."

"अरे, जुळणारी जोडी आहे. फोडायची म्हणतोस?"

"घेतोयस की नाही ते बोल."

सोरेननं जाताना मागे वळूनही पाहिलं नाही. ज्याच्या बापाच्या खिशात मी आयुष्य काढलं, त्यानंच मला विकलं!

डेंटननं माझी मूठ तापवून वाकवली, अंग घासून चकचकीत केलं. त्यात आकडाही गेला. मग त्यानं मला एका परक्या रायफलीत बसवलं आणि नमुना म्हणून टेबलावर मांडलं.

यंदा त्याच टेबलाशी मारिट आली. खांद्यावर माझीच रायफल.

"हिला बोल्ट हवाय," ती म्हणाली. "भावाच्या हातून नदीत पडला. बिचारा तेव्हापासून मला तोंड दाखवत नाही. म्हटलं, आपणच दुसरा घेऊन जावा, खूश होईल."

डेंटननं रायफलीवरचा आकडा वाचला. त्याला सगळं आठवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि झटकन मान खाली घातली.

"त्या खोक्यात बघा, मॅडम. पण तो नळीत नेमका बसतो का, ते माप तपासून घेतल्याशिवाय गोळी झाडू नका."

बोलता बोलता तिनं मला मागे ओढलं, पुढे ढकललं. "काय छान चालतो हो! आमचाही अस्साच होता."

मग मला सोडून तिनं खोक्यातला दुसरा बोल्ट निवडला आणि आनंदात निघून गेली.

मारिट, नदीत काहीच पडलं नाही गं. त्यानं मला विकलं आणि वर तुझी कीवही मिळवली. तो नवा बोल्ट त्याच्या हातावर ठेवशील, तेव्हा घाईनं मिठी मारू नकोस. आधी तो तुझ्याकडे बघतो की जमिनीकडे, तेवढं बघ.