दहा वेळा शिवलं की नळी बदला

मी एक जुना ठोकळा आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलंय. तसं मला डोकं नाहीच. नुसती छाती आहे, तीही नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मापाची, तुमच्या तळहाताएवढी. आत पेन्सिलीहून बारीक अन्ननळी आहे, मधोमध तुटलेली. काही बाळं अशीच जन्माला येतात आणि त्यांच्या पोटात दूधच उतरत नाही. ती नळी जोडायला डॉक्टर आधी माझ्यावर शिकतात. बरगड्यांत तीन बारीक भोकं, एकातून कॅमेरा, दोनांतून काड्यांसारखी हत्यारं, आणि नजर समोरच्या पडद्यावर.

मला घडवणाऱ्या बाईंनी पेटीवर ठसठशीत लिहिलं होतं : ‘दहा वेळा शिवलं की नळी बदला.’ रबर जुनं झालं की कडक होतं, म्हणून. पण वाचतो कोण! मोठ्या सरांनी नव्या नळ्यांचं खोकं कपाटात कुलूपबंद केलं. तपासणीला पाहुणे येतील तेव्हा सगळं कोरं दिसायला हवं म्हणे. मग माझी एकच नळी शिवायची, उसवायची, टोकं छाटून पुन्हा शिवायची. सिस्टर दर आठवड्याला नळी मागायच्या आणि सर दर वेळी त्यांच्यावर खेकसायचे.

शिकणाऱ्यांत एक डॉक्टर होती, सगळे तिला झपाटा म्हणत. दोरा असा खस्सकन ओढायची, की माझ्या बरगड्या करकरायच्या. मला ती अजिबात आवडायची नाही. पण माझी कडक नळी काही फाटायची नाही. सर तिची पाठ थोपटायचे आणि मीही मनातून फुशारायचो. एवढी ओढाताण सोसतो म्हणजे मी मोठा टणक, असं मला वाटायचं. माझ्या अकलेची कीव करा.

एका सकाळी सरांनी झपाटाला सांगितलं, की वरच्या मजल्यावर दोन दिवसांचं बाळ आहे, उद्या टाके तू घालायचेस. सिस्टरांनी ते ऐकलं. त्या सरळ सरांच्या टेबलावरची कपाटाची किल्ली घेऊन आल्या, खोकं फोडलं आणि माझ्यात नवी, मऊ नळी बसवली. झपाटा वैतागली, तरी बसली.

पहिल्याच टाक्याला नळी फाटली. दुसऱ्या नळीचं तेच, तिसरीचंही तेच.

तिने हत्यार आपटलं. ‘‘हे नवीन सामानच भिकार आहे, सिस्टर.’’

‘‘सामान चांगलं आहे, डॉक्टर. वरच्या बाळाची नळी अशीच असते. इतके दिवस हा ठोकळा तुमच्याशी खोटं बोलत होता.’’

झपाटाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पेटीवरचं ते वाक्य वाचलं, बहुतेक पहिल्यांदाच. मग ती सरांकडे गेली आणि उद्या मी टाके घालणार नाही म्हणाली. सर सगळ्यांसमोर तिला वाट्टेल ते बोलले. भित्री म्हणाले, हाताखाली ठेवून चूक केली म्हणाले. ती मान खाली घालून ऐकत राहिली, पण शब्द बदलला नाही. दुसऱ्या दिवशी टाके सरांनीच घातले, तिने कॅमेरा धरला. आठवड्याने बाळ दूध प्यायलं, असं सिस्टर सांगत होत्या.

त्या दिवसापासून झपाटा रोज येते, नळ्या फाडते, पुन्हा बसते. काल अकरा नळ्या फाटल्यावर बारावी टिकली. तेव्हाही तिने माझ्याकडे रागानेच पाहिलं. ‘‘खोटारड्या,’’ म्हणाली, ‘‘तुझ्या भरवशावर मी त्या बाळाला फाडलं असतं.’’ आणि नळी काढून नवी बसवली.

मला राग आला. मित्रांनो, मला पुसू नका, झाकू नका, कौतुक तर मुळीच करू नका. फक्त दहा झाले की नळी बदला. जुन्या नळीवर मी सगळ्यांनाच शाबासकी देतो.