जेठाची खुर्ची

धरणातल्या मासेमारीचे नवे नियम येणार होते आणि ते पक्के होण्याआधी लोकांच्या हरकती ऐकायला मत्स्य खात्याचे साहेब भुसावळला आले होते. बारीक जाळं वर्षभर बंद, असं मसुद्यात होतं. पुरुषांना त्याचं काही नव्हतं. पिल्लं वाचली तर मोठी मासळी उद्या त्यांनाच मिळणार. अडत होतं बायकांचं. त्या काठाकाठानं झिंगे धरायच्या आणि झिंगा कितीही म्हातारा झाला तरी बोटभरच राहतो. मोठ्या भोकांच्या जाळ्यात तो कसला थांबतो!

हे साहेबांना सांगायचं कोणी? मच्छीमार संस्थेतल्या पुरुषांनी आधीच होकार दिला होता, त्यामुळे अध्यक्ष भिकनआबाला उलट बोलता येईना. झुंबरबाई बोलेल असं ठरलं. ती त्याच्या धाकट्या भावाची विधवा. दोन पोरी झिंग्यांवर वाढवत होती आणि जिभेला धार होती. पण वस्ती सगळी एकाच भाऊकीची, त्यात भिकन थोरला, म्हणजे प्रत्येकीचा तो थोरला दीर, जेठ, नाहीतर सासरा. त्याच्यासमोर बायका तोंड उघडत नसत. सरकारचे नियम बदलतील, ही रीत बदलायची नाही. म्हणून भिकननंच बायकोकडून, धुरपदाबाईकडून, निरोप धाडला होता: माझं झालं की मी बाहेर जाईन, मग खुशाल बोला.

सुनावणीत साहेबांनी त्याला वर बोलावून शेजारच्या खुर्चीत बसवलं. जन्मभर कचेऱ्यांच्या दारात उभं राहिलेला माणूस तो. चहा कपबशीतून आला. तुमच्यासारखे अध्यक्ष सगळीकडे हवेत, असं साहेब म्हणाले. मान मोठा वाईट, तो भल्याभल्यांना बसवून ठेवतो.

"महिलांची काही हरकत?" साहेबांनी विचारलं.

झुंबरबाई उठली. नाकापर्यंत पदर ओढून उभी राहिली आणि वाट बघू लागली. भिकनला दिसत होतं. पण नेमका तेव्हाच फोटोवाला पुढे आला होता. एवढा फोटो झाला की उठू, असं म्हणत तो बसून राहिला. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. 'हरकत नाही' अशी नोंद झाली आणि ती खाली बसली. हरकतींचा तो शेवटचा दिवस होता.

घरी धुरपदाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "खुर्ची इतली गोड लागनी का तुमले?" एवढंच ती म्हणाली. त्याला जेवण गेलं नाही.

नियम लागू झाला. बारीक जाळी अध्यक्षाकडे जमा करायची होती. झुंबरबाई सर्वांत आधी आली. भिकन पडवीतच होता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी थेट बोलला, तेही आपली चूक कबूल करायला.

"झुंबर, मनी चूक शे. मले बोल. काय बोलनं ते बोल."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिनं पदर आणखी पुढे ओढला, बाजूला सरकली आणि आत चुलीपाशी बसलेल्या धुरपदाबाईला म्हणाली, "अक्का, आबास्ले सांग, जाळं पडवीमा ठेयेल शे."

आणि जेठाला पाठ दिसू नये म्हणून तशीच उलट्या पावलांनी पायऱ्या उतरून गेली.