सावडीची जोडी

केशवराव भित्रे होते, पण गावात त्यांना भित्रे कोणी म्हणत नसे, शांत म्हणत. भीती दुसऱ्याच्या सोयीची असली की तिला असं बरं नाव मिळतं.

त्यांचा एक बैल उन्हाळ्यात मेला. राहिला चांद्या. बौद्धपुऱ्यातल्या उत्तमकडेही एकच बैल, काजळ्या. दोघांनी सावड केली: दोन घरचे दोन बैल मिळून एक जोडी, आज याच्या कपाशीत, उद्या त्याच्या. गावानं ती जोडी रोज पाहिली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. तण काढायच्या डवऱ्याला जुंपलेल्या बैलाला जात नसते. पोळ्याच्या दिवशी येते.

पोळ्याला मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. गावच्या जोड्या त्याखालून जात, पाटलाची पहिली. बौद्धपुऱ्याचे बैल लांब उकिरड्यापाशी उभे. तोरण तुटल्यावर त्यांनी निघायचं. नामांतराच्या मोर्च्यात पाठीवर लाठी घेऊन आलेला उत्तम शहाऐंशीच्या त्या पावसाळ्यात डवरता डवरता म्हणाला, "काकाजी, यंदा जोडी जोडीनंच उभी करू. अर्धी तोरणाखाली अन् अर्धी उकिरड्यापाशी, हे का जोडी झाली?"

"करू ना," केशवराव म्हणाले. शेतात ऐकायला कोणी नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी रघुनाथराव पाटील स्वतः घरी आले. सोबत त्यांचा गडी गजानन, हातात तेल पाजलेली काठी. पाटलांनी चहा घेतला, चहाचं कौतुक केलं.

"केशवराव, तुम्ही त्या पोट्ट्यासंग उभे राहून राहिले म्हणे?"

"कोण म्हणते जी?"

"कोणीच नाही. म्हणून तर विचारलं. चांद्या एकटा पडला असंल तर आपला एक बैल घेऊन जा. गावचा माणूस एकटा काऊन उभा राहील?" उठता उठता ते म्हणाले, "उद्या पांढुर्ण्याची गोटमार, दगडायची जत्रा. जाता ना? गर्दीत लय दगड येतात, बापा. कोणी मारला, समजत बी नाही."

गजानन हसला. हसणंही त्याच्या कामातच धरलेलं होतं.

केशवरावांची बायको अलका कपबश्या उचलायला आली. "मुकाट्यानं पाटलाचा बैल घ्या. आपल्या संत्र्याले पाणी त्यायच्याच विहिरीचं आहे."

"अन् उत्तमले काय सांगू?"

"त्याले समजते. त्याले सवय आहे." बोलली आणि केशवरावांकडे न बघता कपबश्या घेऊन आत गेली.

संध्याकाळी केशवराव रांगेत उभे राहिले. एका हाती चांद्याचा कासरा, दुसऱ्या हाती पाटलाच्या बैलाचा. लांबवर उत्तम काजळ्याला धरून उभा. त्यानं हाक मारली नाही. मारली असती, तर केशवरावांना त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

घोटाळा बैलांनी केला. चांद्या कायम उजव्या अंगाला जुंपलेला, आणि पाटलाचा बैलही उजव्याच अंगाचा. दोघंही एकाच बाजूला घुसू लागले. शिंगाला शिंग लागलं, झूल फाटली, लोक हसले. केशवरावांना वाट सापडली.

"पाटील, बैल मानत नाही जी. याले काजळ्याची सवय. मी काय करू?"

भित्र्या माणसाचं धाडस आधी असं बैलाच्या नावावर लागतं.

हसू थांबलं. पाटलांनी हळूच विचारलं, "बैल मानत नाही, का तुम्ही?"

गजाननची काठी या हातातून त्या हातात गेली. केशवरावांनी काठीकडे पाहिलं. बैल मानत नाही म्हणावं तर पाटलाच्या गोठ्यात डाव्या अंगाचेही बैल होते; लगेच दुसरा आला असता.

"मीच," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड गेलं. "मी मानत नाही, पाटील."

पाटलाच्या बैलाचा कासरा त्यांनी गजाननपुढे धरला. त्यानं सवयीनं घेतला.

"उत्तम, आण रे काजळ्याले."

जोडी तोरणाखालून गेली. ढोल बंद होता. दगड आला नाही. पण त्याची वाट बघून केशवरावांची पाठ दुखून आली.

पोळा फुटला की जोडी घरोघरी नेतात; बायका बैलांचे पाय धुतात, ओवाळतात. त्या दिवशी जोडी गल्लीत शिरली, तसं एकेक दार लागत गेलं. आपल्या दारापाशी आले, तर तेही बंद.

"अलका."

आतून आवाज आला, "एकटेच आहात का?"

केशवरावांनी मागं पाहिलं. उत्तम काजळ्याला धरून उभा होता. गल्लीच्या तोंडाशी पाटलाची माणसं जमत होती.

"नाही. सगळे आहो."

मग कडी निघाली. अलकानं चांद्याच्या पायांवर पाणी घातलं, मग काजळ्याच्या. निम्मं तिच्याच पायांवर सांडलं, कारण नजर गल्लीकडे होती. उत्तम उंबऱ्याबाहेर थांबला. जू आणून ठेवायला यायचा, तेव्हाही तिथवरच यायचा.

"आत ये," ती म्हणाली.

"नाही काकू, मी घरी जातो."

"कुठून जाशील? ते उभे आहेत, दिसून नाही राहिले का तुले?" तिनं त्याचं मनगट धरलं आणि ओढलं.

बैल अंगणात, माणसं घरात. दाराला कडी, कडीमागं मुसळ. दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही. उत्तमनं पाणी मागितलं. अलकानं माठात पेला बुडवला आणि त्याच्या हातात दिला. तो पीत असताना बाहेरून कोणीतरी केशवरावांना नावानं हाक मारली, अगदी गोड आवाजात, सकाळी चहाचं कौतुक झालं होतं तशा.