शिक्षकाच्या बाजूचा ब्रेक

आमच्या घरात माणसं पाच आणि गाड्या तीन. सासऱ्यांची एक, नवऱ्याची एक, दिराची एक. उरलो आम्ही दोघी, सासूबाई आणि मी. आम्हाला कुठे जायचं असलं की तिघांपैकी एकजण मोकळा व्हायची वाट बघायची, आणि मोकळा झाला की तो दमलेला असतो. गाडी शिकायचं मी दोनदा काढलं होतं. "घरात तीन गाड्या असताना तुला काय गरज?" असं तिघांनी एका सुरात विचारलं. एरवी या तिघांचं भाजीत मीठ किती असावं यावरही एकमत होत नाही.

गंमत अशी, की माझे सासरे ड्रायव्हिंग स्कूलवाले. चौतीस वर्षं त्यांनी गावाला गाडी शिकवली. बँकेचा मॅनेजर, दातांची डॉक्टरीण, पेट्रोल पंपाचा मालक, सगळे त्यांच्याच हाताखाली गिअर टाकायला शिकले. सून तेवढी राहिली. गाव त्यांना ब्रेकमास्तर म्हणतं, कारण शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी जो जादा ब्रेक असतो, तो मास्तर शिष्याच्या आधी दाबायचे. पुढे त्यांनी शाळा बंद केली, पण ती गाडी ठेवली, जादा ब्रेकसकट. हाताला बसलीय, म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. म्हणजे ते मला घेऊन गेले, गाडी त्यांची. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसत राहील, समोरचं जाणार. आजपासून गाडी बंद." बाबांनी मान डोलावली, बाहेर येऊन किल्ली काढली, आणि घरी सगळ्यांना सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे." मी तिथेच उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला बघितलं, कारण समोरच्याचा चेहरा दिसायचा तर त्यांना आता तसंच बघावं लागतं. बोलायची वेळ तीच होती आणि मी मिठाची गुळणी धरून बसले.

त्या दिवसापासून बाबा कुठेही निघाले की मला हाक. "सूनबाई, चल, जरा पाय मोकळे करून येऊ." गाडीत बसून पाय कसे मोकळे होतात ते त्यांनाच ठाऊक. मी शेजारच्या सीटवर, म्हणजे शिक्षकाच्या जागेवर, पाय जादा ब्रेकवर. आणि तोंडाने गप्पा. "पुढे ट्रक उभा आहे, बाबा, कुणाचा असेल?" "लाल लागलाय वाटतं." "ही बाई बघा, कुत्र्याला घेऊन रस्त्याच्या मधूनच निघालीय." ते म्हणायचे, "दिसतंय मला," आणि मग ब्रेक लावायचे. कधी माझा आधी लागायचा. "आज ब्रेक जरा कडक लागतोय," एवढंच म्हणायचे. वीसच्या पुढे काटा जाऊ द्यायचे नाहीत. मागे रांग लागायची, हॉर्न वाजायचे, आणि बाबा म्हणायचे, "शिस्तच राहिली नाही लोकांना."

नवऱ्याला एकदा सांगून बघितलं. "बाबांना दिसत नाही? काहीतरीच. त्यांनी अख्ख्या गावाला शिकवलंय," तो म्हणाला आणि आपल्या गाडीची काच पुसायला गेला.

अशात, गावाच्या कडेने जाणाऱ्या मालगाडीच्या रुळांवर प्रवासी रेल्वे सुरू करायचं ठरलं. ती जाणारच होती. प्रश्न एवढाच होता, की आमच्या गावाला थांबावी की नाही. रेल्वेवाल्यांनी ते गावालाच विचारलं. आधी एक जाहीर सभा, मग घरटी एक कागद, खूण करून, घडी घालून पेटीत. बस्स, गाव पेटून उठलं. 'थांबा नको समिती' निघाली. अध्यक्ष कोण? ज्याने जन्मभर लोकांना थांबायला शिकवलं तो.

समितीच्या बैठका आमच्याच पुढच्या खोलीत व्हायच्या, आणि टिपणं घ्यायला मी, कारण अध्यक्षांना "हल्ली लिहायचा कंटाळा" यायचा. त्यामुळे गावातलं सगळं शहाणपण माझ्या अक्षरात उतरलेलं आहे. रेल्वेत काळं कुत्रं बसणार नाही, आणि रेल्वेमुळे गावात भयंकर गर्दी होईल, ही दोन्ही वाक्यं बँकेच्या मॅनेजरने एकाच कपातला चहा पिताना सांगितली. दातांची डॉक्टरीण म्हणाली, रेल्वेच्या आवाजाने तिचा ड्रिलवरचा हात हलेल. तिच्या दवाखान्यामागून रोज सहा मालगाड्या जातात, पण त्या बहुधा चवड्यांवर चालत जात असाव्यात. एकजण म्हणाला, चोर येतील. रेल्वेने येऊन, फ्रीज उचलून, पुढची रेल्वे पकडून जातील. पेट्रोल पंपाच्या मालकाला रुळांच्या कडेच्या पक्ष्यांची काळजी पडली होती. बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला.

त्याच आठवड्यात मला एक पत्र आलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये, नेमणूक. लग्नाआधी मी तेच काम करत होते. नऊ वर्षांनी पुन्हा अर्ज केला होता, कुणाला न सांगता. रुजू व्हायला चार महिन्यांची मुदत. शहर बेचाळीस किलोमीटरवर. बस नाही. पूर्वी होती, पण माणसं बसेनात म्हणून बंद झाली, आणि माणसं बसत नव्हती कारण ती कधी येईल हे बसलाही माहीत नसायचं. नवऱ्याचं ऑफिस उलट्या दिशेला आणि दिराच्या गाडीला मी म्हणे लकी नाही.

बाबांचं टपाल मीच वाचून दाखवते, कारण "हल्ली अक्षर फार बारीक छापतात." त्या दुपारी मी विजेचं बिल वाचलं, विम्याचं पत्र वाचलं, आणि त्याच आवाजात माझं नेमणुकीचं पत्र वाचलं.

बाबांनी माझ्या कानाच्या बाजूला बघितलं. मग म्हणाले, "जाणार कशी?"

"रेल्वे थांबली तर रेल्वेने."

"आणि नाही थांबली तर?"

"तर नाही."

त्यांनी टेबलावरचा पेला चाचपून अलीकडे ओढला. "पुढचं वाच," म्हणाले. पुढचं काही नव्हतं, म्हणून मी विजेचं बिल पुन्हा वाचलं. मी गेले तर त्या ब्रेकवर पाय ठेवायला दुसरं कुणी नाही, हे दोघांनाही कळत होतं. मला त्यांची दया यायची, नाही असं नाही. पण राग जास्त यायचा. स्वतःचं झाकायला हा माणूस माझे दिवसच्या दिवस पांघरून बसला होता.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती, दुपारी चारला. घरापासून शाळा चालत दहा मिनिटं, म्हणून आम्ही गाडीने निघालो. अध्यक्ष चालत आले असं कुणी बघितलं तर समितीची काय राहिली असती? शाळेच्या फाटकाशी एक लहान मुलगी चेंडूमागे धावत रस्त्यात आली. या वेळी गप्पांत गुंडाळून सांगायला वेळ नव्हता. मी नुसती ओरडले आणि ब्रेक दाबला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मुलीने चेंडू उचलला, आमच्याकडे रागाने बघितलं आणि गेली.

बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं. "दिसली होती मला," ते म्हणाले.

मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

किल्ली काढताना त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूने आली?"

"समोरून, बाबा."

सभा सव्वा तास उशिरा सुरू झाली, कारण सगळे वक्ते गाड्यांच्या कोंडीत अडकले होते. एकामागून एक घामाघूम होऊन येत, "माफ करा, फार ट्रॅफिक होतं," म्हणत, आणि माईक हातात घेऊन सांगत, की या गावाला रेल्वेची अजिबात गरज नाही. एकोणीस भाषणं झाली. एकही थांब्याच्या बाजूने नव्हतं. रेल्वेची बाई पुढे बसून सगळं लिहून घेत होती आणि मान डोलावत होती. तिला पगार त्याचाच असावा.

विसावे बाबा. कागद लागत नाही त्यांना, भाषण पाठ होतं. "ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याच्या हातात आयुष्य," ते म्हणाले. "दुसरा नेईल तिकडे मुकाट जायचं, ही आपली रीत नाही. माझा रस्ता मी बघेन." टाळ्या थांबेनात. माझ्या पायाला ब्रेक दाबून दाबून गोळा आला होता. मी खाली वाकून तो चोळत बसले.

मग कागद वाटले. हॉलच्या कोपऱ्यात एक फळा आडवा लावून आडोसा केला होता, तिथे जाऊन घरातल्या एकाने खूण करायची. बाबा टेबलाशी गेले, कागद घेतला आणि वळून मला हाक मारली. "सूनबाई, ये जरा. माझा चष्मा गाडीत राहिलाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. टेबलावरच्या कारकुनाने चष्म्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आपला शिक्का शोधायला लागला. देव त्याचं भलं करो.

फळ्यामागे आम्ही दोघंच. कागदावर दोन चौकटी. एकीत लिहिलं होतं, 'रेल्वे थांबावी.' दुसरीत, 'थांबू नये.' मी त्यांना वाचून दाखवलं.

"कुठे करू खूण?" मी विचारलं.

"अध्यक्षाने कुठे करायची असते?"

"थांबू नये, इथे."

"मग विचारतेस काय?"

मी पेन उघडलं. खरं सांगते, हात त्याच चौकटीकडे गेला. दोन वर्षांची सवय, ते म्हणतील ते खरं धरायचं. तेवढ्यात बाबा हळू म्हणाले, भिंतीकडे बघत, "तसं तू कुठे करतेस, ते मला दिसतंय थोडंच."

दिसत नाही, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेसुद्धा म्हणाले नव्हते. मी खूण केली, घडी घातली, कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो छाती पुढे काढून, सगळ्या समितीदेखत पेटीत टाकला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "या गर्दीतून गाडी निघायला तास जाईल. चल, चालत जाऊ." गाडी रात्री दिराने आणली.

आठवड्याने निकाल लागला. नऊशे चौदा कागद. थांबू नये, दोनशे सव्वीस. थांबावी, सहाशे अठ्ठ्याऐंशी. समितीच्या वहीत मीच लिहिलेली चारशेच्या वर सभासदांची नावं होती. पुढच्या खोलीत तातडीची बैठक बसली आणि सगळे एकमेकांकडे डोळे बारीक करून बघत राहिले. बँकेच्या मॅनेजरने शपथेवर सांगितलं, की त्याने विरोधात खूण केली. डॉक्टरिणीने सांगितलं, पंपवाल्याने सांगितलं. गळा त्याचा आताही दाटला होता. बाबा सगळ्यांत जास्त संतापले. "फितुरी झालीय," म्हणाले. "चौकशी झालीच पाहिजे." चौकशीचा अर्ज मी सुवाच्य अक्षरात लिहिला आणि त्यांनी मी बोट ठेवलं तिथे सही केली.

अर्जाचं काही झालं नाही, कारण तोवर समितीने नवी मागणी हातात घेतली होती. थांब्यापाशी अडीचशे गाड्यांचं पार्किंग हवं. गाव पुन्हा पेटून उठलं.

इकडे बाबांच्या गाडीला रोज काहीतरी व्हायला लागलं. एकदा बॅटरी उतरली, एकदा चाकात हवा नव्हती, एकदा आवाज येत होता. आवाज आला कधी, गाडी जागची हललीच नव्हती. पण मी विचारलं नाही.

पहिल्या रेल्वेच्या दिवशी मी रुजू व्हायला निघाले. थांबा चालत आठ मिनिटांवर. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयार.

"तुम्ही कुठे?"

"त्रुटी बघायला. समितीचा अध्यक्ष आहे मी."

रस्त्यावर गाड्यांची रांग थेट आमच्या दारापर्यंत आली होती. सगळे पहिली रेल्वे पकडायला निघाले होते, गाडीने. डॉक्टरीण काच खाली करून म्हणाली, "मास्तर, आज पायी?" बाबांनी तिच्या कानाच्या बाजूला बघत हात हलवला. रेल्वे वेळेवर आली, वेळेवर सुटली. आत आम्ही दोघं धरून अकरा जण. बाकीचं गाव बाहेर हॉर्न वाजवत होतं.

बाबांनी खिडकी घेतली. सीट कडक आहे, म्हणाले. मग, खिडकी छोटी आहे, म्हणाले. लिहून घे, म्हणाले, आणि मी पिशवीतून वही काढली. पुढे रूळ वळतात, तिथे खिडकीतून पुढचा सिग्नल दिसतो. मला तो दिसला आणि तोंडून निघूनच गेलं, "लाल लागलाय, बाबा."

आम्हा दोघांचे पाय एकदमच जमिनीवर दाबले गेले. खाली काहीच नव्हतं, नुसता सपाट पत्रा.

बाबांनी आधी पाय उचलला. मग टेकून बसले, चष्मा काढून शर्टच्या खिशात ठेवला आणि डोळे मिटले.

"असू दे," ते म्हणाले. "तो बघेल."