डावीकडची खाच

आर्डिथने आकडी टाकून क्लेटनच्या पिंजऱ्याचा तरंगता पिवळा बोया बोटीच्या काठावर ओढला आणि कमरेचा चाकू काढला. धुकं इतकं दाट होतं की पाच हातांवर उभी असलेली लोरेना नुसता एक रबरी डगला वाटत होती.

"काप तो दोर एकदाचा," लोरेना म्हणाली. "अकरा वर्षं धार लावतेयस. चाकूची काडी झाली."

लोरेना ही आर्डिथची नणंद. तिचा भाऊ रॉस म्हणजे आर्डिथचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी क्लेटनने एका सकाळीत रॉसचे शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, धरायचे दीडशे पिंजरे दोर कापून तळाशी घालवले होते. अमेरिकेतल्या मेनच्या या किनाऱ्यावर कुणी आपल्या हद्दीत पिंजरे टाकलेच, तर आधी त्याच्या बोयाच्या दांडीला दोराचे दोन वेढे घालून ठेवायचे. हा इशारा. तो मानला नाही, तरच कापायचं. क्लेटनने वेढे घातले नाहीत. बुडालेला हंगाम भरून काढायला रॉस भर नोव्हेंबरात बाहेरच्या पाण्यात गेला आणि नुसती बोट परत आली.

तेव्हापासून ती बोट आर्डिथ चालवत होती. 'ज्या दिवशी त्याचे दोर कापीन, त्या दिवशी पोटभर हसेन,' असं तिने लोरेनाला सांगून ठेवलं होतं. स्वयंपाकघराची मोडकी खिडकी, बहिणीकडे जाणं, सगळं त्या दिवसानंतर. सुरुवातीला हिंमत नव्हती, मग दिवस सापडेना, आणि पुढे वाट बघायचीच सवय लागली. आज क्लेटन दाढ काढायला शहरात गेला होता आणि धुकं पडलं होतं.

"थांब," आर्डिथ म्हणाली. "रॉसच्या जागेवर मेल्याला काय घबाड मिळतंय ते बघू तरी."

तिने दोर पिंजरे ओढायच्या चाकावर चढवला. पिंजरा वर आला. आत दोन खेकडे आणि एक मोठी शेवंड. मादी होती. आर्डिथने सवयीने तिची शेपटी पसरली आणि तिचा हात थांबला.

गाभोळीची, पोटाखाली अंडी असलेली मादी सापडली की शेपटीच्या मधल्या पात्याच्या उजवीकडच्या पात्यावर खाच मारून तिला सोडायचं. पुढे ती ज्याच्या पिंजऱ्यात येईल त्याने तिला सोडलंच पाहिजे, असा कायदा. रॉस डावखुरा. त्याची खाच कायम डावीकडे पडायची. धक्क्यावर त्याची टिंगल व्हायची, कारण डावीकडची खाच कायदा धरत नाही. तसली शेवंड कुणीही खुशाल घरी नेऊन उकडावी.

या शेवंडीची खाच डावीकडे होती.

"रॉसची," लोरेना हळूच म्हणाली.

"रॉसची कशी असेल? ही कात टाकते, खाच भरून येते." आर्डिथने अंगठा फिरवला. कडा अजून धारदार होत्या. "ही याच वर्षीची आहे."

लोरेना आमिषाच्या पिंपावर बसली. "म्हणजे क्लेटन रॉसची खाच राखतोय... अगं, त्याला पस्तावा झालाय."

आर्डिथला अकरा वर्षांत आला नव्हता इतका संताप आला.

"पस्तावा झाला तर माझ्या दारात यायचं. हा इथे लपून पुण्य करतोय. तेही माझ्या नवऱ्याच्या खाचेवर."

"मग काप दोर."

आर्डिथने दोर कापला नाही. तिने खाच मारायची कात्री घेतली, उजवीकडच्या पात्यावर, कायद्यात सांगितलंय तिथे, स्वच्छ खोल खाच मारली आणि शेवंड पाण्यात सोडली. पिंजरा खाली गेला. बोया टाकण्याआधी तिने त्याच्या दांडीला दोराचे दोन वेढे घातले.

तीन आठवड्यांनी क्लेटन धक्क्यावर तिच्या बोटीपाशी आला. टोपी हातात होती.

"वेढे तूच घातलेस ना?"

"मीच."

"आणि ती खाच?"

"खाच उजवीकडेच मारतात, क्लेटन. रॉस चुकायचा. सगळ्या बंदराला ठाऊक आहे."

क्लेटनने टोपी दोन्ही हातांनी पिळली. "वर्षातनं एकदा तरी यायची ती. न्यायची मुभा असून मी सोडायचो. रॉसची खाच बुजली की पुन्हा डावीकडेच मारायचो. तेवढंच एक बरं काम होतं गं माझ्या हातून."

"आता तिला सगळेच सोडतील. तुझी गरज नाही."

तो वळला, जाताना पायरी चुकला, कठड्याला धरून सावरला आणि गेला.

"वर्मी लागलं त्याच्या," लोरेना म्हणाली. हातातलं आमिष तिने खाली ठेवलं. "मग? हसणार होतीस ना पोटभर?"

आर्डिथ हसू यायची वाट बघत उभी राहिली. ओहोटी लागली, बोट धक्क्याखाली हातभर उतरली, तरी ती उभीच होती. मग तिने कमरेचा चाकू काढला आणि धारेचा दगड शोधू लागली.