मुका मार आणि होकार

तिसऱ्या मजल्यावरचे लोक टाकीचा कॉक उघडा ठेवतात, असा शरच्चंद्र रिसबूड यांना फार दिवसांपासून संशय होता. एका सकाळी पुरावा गोळा करायला ते स्वतः गच्चीवर गेले. पुरावा गच्चीभर वाहत होता. त्यावरूनच ते घसरले आणि टाकीच्या सिमेंटच्या कट्ट्यावर छातीने आपटले.

एक्स-रे निघाला. हाड मोडलेलं नव्हतं. ही बातमी डॉक्टर आम्रपालींनी आनंदाने सांगितली आणि रिसबूडांनी नाराजीने ऐकली.

"म्हणजे प्लास्टर नाही?"

"बरगड्यांना प्लास्टर नसतं, काका. मुका मार आहे. आतून सूज आहे."

"मग इलाज?"

"गोळ्या वेळेवर, श्वास खोल आणि काही आठवडे धीर. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. आणि शक्यतो हसू नका, दुखेल."

"ते जमेल," रिसबूड म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्या हातात प्लास्टिकचं एक खेळणं दिलं. तीन नळ्या, प्रत्येकीत एकेक चेंडू. तोंडाने श्वास आत ओढला की चेंडू वर जायला हवेत. "दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो," त्यांनी समजावलं. "मग छातीत कफ साठतो, मग न्यूमोनिया. आपल्याला तिथपर्यंत जायचं नाहीये."

घरी येऊन रिसबूडांनी श्वास ओढला. तिन्ही चेंडू जागचे हलले नाहीत.

मुक्या माराची अडचण अशी, की तो कोणाला दिसत नाही. प्लास्टरवाल्या माणसाला बघून लोक दार धरतात, पिशवी उचलतात. मुका मार लागलेला माणूस जिन्यात थांबला, तर मागचा म्हणतो, चला काका, पुढे व्हा. रिसबूडांना आडवं झोपता येईना, म्हणून ते आरामखुर्चीत झोपू लागले. कूस बदलणं, कपाटाचं दार ओढणं, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवणं, या सगळ्यात बरगड्यांचा सहभाग असतो हे त्यांना बाहत्तराव्या वर्षी कळलं. शेजारच्या खोताबाईंनी मिरचीची फोडणी दिली, की ते खुर्चीचे हात आवळून शिंकेची वाट बघत. शिंक आली की डोळ्यांत पाणी. न आली तर नुसतीच भीती, आणि ती जास्त वेळ टिके.

गोळ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. खरोखर दुखेल तेव्हा घेऊ, असा विचार होता. हल्ली जे दुखत होतं ते खरोखर आहे की नाही, याचा मात्र निर्णय होत नव्हता. तोवर ते अर्ध्या गोळीवर भागवत होते.

इथवर सगळं सहन करण्यासारखं होतं. पण एका श्वासात त्यांना तीन-चार शब्दांच्या वर बोलता येईना, आणि इथून खरा घोटाळा सुरू झाला.

निवृत्तीपूर्वी रिसबूड एका सरकारी कचेरीत लोकांच्या हरकती फेटाळण्याच्या टेबलावर होते. नकार हा त्यांचा व्यवसाय होता, आणि निवृत्तीनंतर तो त्यांनी छंद म्हणून चालू ठेवला होता. पण त्यांचा नकार कधी नुसता नसे. त्यासोबत कारणं असत, मागचे दाखले असत, समोरच्याने आधी काय करायला हवं होतं याचं मार्गदर्शन असे. नुसतं 'नाही' म्हणणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. आता कारणांपुरता श्वास नव्हता, आणि कारणांशिवाय नकार देणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. उरला होकार. तो अर्ध्या श्वासात होतो.

पहिला होकार मिळाला हिंदुरावांना. त्यांचं इमारतीच्या तळाशी झेरॉक्सचं दुकान आहे. जिन्याखाली स्कूटर लावू का, हा प्रश्न ते बरीच वर्षं दर दिवाळीला, गोड बातमी विचारावी तसा, विचारत आले होते. यंदा समाचाराला आले तेव्हा सवयीने विचारून गेले.

"हो," रिसबूड म्हणाले.

हिंदुरावांच्या हातातलं शहाळं तसंच राहिलं. "काय म्हणालात साहेब?"

"लावा."

हिंदुराव खाली गेले. स्कूटर त्यांनी लावली नाही. दुकानाच्या शटरला टेकून त्यांनी रिसबूडांच्या मुलीला फोन लावला.

"उल्काताई, घाबरू नका, पण एकदा येऊन जा. साहेबांचं काही ठीक दिसत नाही. मला हो म्हणाले."

उल्का हडपसरच्या पुढे मांजरीला राहायची. पूर्वी जिथे ऊस होता तिथे आता बारा मजली इमारती आहेत, त्यातल्या एकीत. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ती संध्याकाळी आली, आरामखुर्चीसमोर स्टूल ओढून बसली आणि आई गेल्यापासून दर सहा महिन्यांनी म्हणायची ते म्हणाली.

"बाबा, दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आता हे. आमच्याकडे चला. कायमचे."

रिसबूडांकडे याचं उत्तर तयार होतं. मांजरीत वर्तमानपत्र उशिरा येतं. उरल्यासुरल्या गुऱ्हाळाची काजळी वाळत घातलेल्या धोतरावर बसते. तिथे कोणी ओळखीचं नाही आणि जे ओळख करून घेतात ते 'हाय अंकल' म्हणतात. शिवाय शनिवार पेठेतून माणूस बाहेर गेला की परत येत नाही, याची चार उदाहरणं त्यांच्यापाशी नावानिशी होती. त्यांनी श्वास घेतला. अर्ध्यात बरगड्यांनी तो अडवला आणि मागून खोकला आला. त्यांनी उशी छातीशी धरली, खोकले, डोळे पुसले. उल्का उत्तरासाठी थांबलेलीच होती.

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला ऐकू आलं ना मी काय म्हणाले?"

"हो."

उल्काने पर्समध्ये हात घालून उगाच काहीतरी शोधलं. इतकी वर्षं जमवलेले मुद्दे तिच्याकडे तसेच पडून राहिले. तिला आनंद व्हायला हवा होता. तसा तो चेहऱ्यावर दिसला नाही.

"मग रविवारी टेम्पो सांगते," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

ती गेल्यावर रिसबूड घरात फिरले. खिडकीतून समोरच्या गल्लीतला पिंपळ दिसत होता. चार दशकं ते याच खिडकीशी दाढी करत आले होते. रविवारी हे सगळं जाणार होतं, आणि तेही रीतसर अर्ज न येता, एका होकारावर. फोन करून नाही म्हणता आलं असतं. पण नुसतं नाही म्हटलं, तर ती कारण विचारणार. कारण सांगायला श्वास हवा. म्हणजे रविवारपर्यंत श्वास हवा.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. आम्रपालींनी गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं.

"या उरायला नको होत्या, काका."

"जपून वापरल्या."

"या काय दुष्काळासाठी आहेत? वेदना दाबली तर श्वास खोल घेता येतो. श्वास खोल गेला तर छाती साफ राहते. गोळी घेऊन तुम्ही हरत नाही. न घेता शूरपणा केलात तर तुमची फुप्फुसं हरतील. घाई आहे का काही?"

"एक वाक्य आहे. लांब. रविवारपर्यंत म्हणता यायला हवं."

आम्रपालींनी अनेक प्रकारचे पेशंट बघितले होते. "मग पूर्ण गोळी, जेवणानंतर," त्या म्हणाल्या. "मग अर्ध्या तासाने चेंडू. आणि वाक्यही रोज म्हणा. तोही व्यायामच आहे."

वाक्य त्यांनी रिक्षातच पक्कं केलं: 'उल्का, सर्व बाबींचा साकल्याने विचार करता मी शनिवार पेठ सोडून कोठेही येणार नाही, आणि याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.' वाक्य कचेरीच्या वळणाचं होतं, पण त्यात कुठे ढिलाई नव्हती.

पूर्ण गोळीने फरक पडला. दुखणं गेलं नाही, पण ते शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं झालं. आपण अर्ध्या गोळीवर काय कमावलं, हा प्रश्न रिसबूडांनी स्वतःला विचारला नाही. पहिला चेंडू दचकून उडाला. त्या दिवशी वाक्य 'साकल्याने' पर्यंत पोचलं.

उल्का रोज कॉलेजनंतर येऊ लागली, आवराआवरीला. आधी भांडी निघाली, मग पुस्तकं. रिसबूड आरामखुर्चीत उशी धरून बसत. आपण आता बरंच बोलू शकतो हे त्यांनी सांगितलं नाही. वाक्य अपुरं असताना तोंड उघडणं त्यांना धोक्याचं वाटत होतं. ते गप्प बसले, आणि उल्का बोलायला लागली.

आधी किरकोळच. कॉलेजात प्राचार्य काय म्हणाले, मगरपट्ट्याजवळ कसं अडकायला होतं. पूर्वी या दोन वाक्यांच्या मध्ये रिसबूडांच्या तीन दुरुस्त्या झाल्या असत्या. मग एका संध्याकाळी वर्तमानपत्रात बशा गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "ओवी बंगळूरला गेली ना, तेव्हापासून घर फार मोठं झालंय. अनिरुद्ध महिन्यातले वीस दिवस चेन्नईला. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडते. म्हणजे समोर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं."

नात आणि जावई घरी नसतात हे रिसबूडांना माहीत होतं. लॅपटॉपचं माहीत नव्हतं.

"आणि तुमचा फोन आला की आधी वाटतं, काहीतरी झालं. मग तुम्ही विचारता, गॅसचं सिलिंडर बुक कसं करायचं. मला इतकं बरं वाटतं ना, की मी चिडते." तिने बशी खोक्यात ठेवली. "मी नेहमी म्हणते की तुम्हाला सोबत हवी. खरं म्हणजे—" ती थांबली. पूर्वी इथे त्यांनी वाक्य पूर्ण करून दिलं असतं, आणि चुकीचं करून दिलं असतं. "जाऊ दे. तुमच्याशी बोलायला यायचं म्हणजे मी रस्ताभर तयारी करायचे, माहितीये? तोंडी परीक्षेसारखी. या आठवड्यात पहिल्यांदाच तयारी न करता येतेय."

त्या संध्याकाळी दुसरा चेंडू वर गेला. रिसबूडांना म्हणावा तेवढा आनंद झाला नाही. वाक्य आता 'कोठेही येणार नाही' पर्यंत येत होतं. कारणं मात्र एकेक करून पाहिली, तेव्हा वर्तमानपत्राचं कारण फारच किरकोळ वाटलं. काजळीचंही. धोतर ते वर्षातून दोनदा नेसत.

रविवारी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. उल्का वर आली, हातात चिकटपट्टीचं रीळ. रिसबूड उठून उभे राहिले. त्यांनी खोल श्वास घेतला. तो दुखला, पण अडला नाही.

"उल्का, सर्व बाबींचा साकल्याने विचार करता मी शनिवार पेठ सोडून कोठेही येणार नाही, आणि याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत."

वाक्य पूर्ण झालं. एका दमात. उल्का पुस्तकांच्या खोक्यावर बसली. तिने रीळ बाजूला ठेवलं, आणि तिच्या चेहऱ्यावर रिसबूडांना अजिबात अपेक्षित नसलेलं काहीतरी आलं. ती हसत होती.

"आले परत," ती म्हणाली. "मला वाटलं, डोक्याला मार बसलाय आणि डॉक्टर सांगत नाहीयेत. सांगा, कारणं सांगा. किती आहेत?"

रिसबूडांनी मनातल्या मनात यादी चाळली.

"एकच आहे," ते म्हणाले. "मला इथे राहायचंय."

"दाखले?"

"नाहीत."

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"मग त्या दिवशी हो का म्हणालात?"

"श्वास पुरेना."

"एवढंच?"

"तेव्हा एवढंच होतं." ते सावकाश खुर्चीत टेकले. "पण आठवडाभर तू बोलत होतीस, आणि मला मधे बोलता येत नव्हतं. तू त्या दिवशी म्हणालीस, 'खरं म्हणजे'. मग थांबलीस. ते काय होतं ते राहिलंय."

उल्काने रिळाचं टोक नखाने उचकटलं, परत चिकटवलं. "खरं म्हणजे सोबत मला हवी होती," ती म्हणाली.

रिसबूडांनी हे ऐकलं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"बरगड्या नीट होईपर्यंत येतो," ते म्हणाले. "एका बॅगेनिशी. जिना तसाही दुखतोच आहे. किल्ली माझ्याकडे राहील. नंतर मी परत येणार."

"सोडायला मीच येईन."

"आणि नंतर दर शनिवारी तू इकडे. तयारी न करता."

"तुम्ही मधे बोललात तर?"

"बोलणारच. पण तू पुढे चालू ठेव."

टेम्पो परत गेला. हिंदुरावांनी बॅग उल्काच्या गाडीत ठेवली आणि रिसबूडांना तपासल्यासारखं बघितलं. बॅग आडवी ठेवू नका, आत काचेची बरणी आहे, आणि हे खरं तर विचारूनच ठेवायला हवं होतं, असं रिसबूडांनी त्यांना सांगितलं. हिंदुरावांचा जीव भांड्यात पडला.

उल्का गाडी बैलगाडीसारखी चालवत होती. प्रत्येक गतिरोधकाआधी ती म्हणायची, "बाबा, आला," आणि रिसबूड दोन्ही हातांनी छाती धरायचे. मागची वाहनं त्यांच्या कुळाचा उद्धार करत पुढे जायची. हडपसरच्या अलीकडे एका मोटारसायकलवाल्याने काच ठोठावून विचारलं, की काकू, वरात आहे का. रिसबूडांना हसू आलं. ते दुखलं, चांगलंच दुखलं, आणि त्यांनी ते पुरतं हसून घेतलं.

"थांबू का?" उल्काने घाबरून विचारलं.

"चालू दे. तू प्राचार्यांचं काहीतरी सांगत होतीस."

"ते खूप लांब आहे बाबा."

"रस्ताही लांब आहे," रिसबूड म्हणाले, आणि पुढचा गतिरोधक दिसताच छातीवर हात ठेवून ऐकायला लागले.